बारावी कला शाखेनंतर ॲप बनवायला शिकता येईल का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाली. गावात कुणाच्या मोबाइलमध्ये काही अडले की लोक तिला हाक मारतात. तिला ॲप बनवायला शिकायचे आहे. छत्रपती संभाजीनगरात सॉफ्टवेअर ॲप्लिकेशन डेव्हलपमेंटचा व्यावसायिक डिप्लोमा करता येतो, असे कळले. नातेवाईक मात्र म्हणतात, इंजिनिअरिंगशिवाय या क्षेत्रात कुणी विचारत नाही. या डिप्लोमात नेमके काय शिकवतात? त्याच्या जोरावर ती पायावर उभी राहील का?
– एक पालक, फुलंब्री

उत्तर : शिकता येईल आणि पायावर उभेही राहता येईल. डॉक्टरला किंवा वकिलाला व्यवसाय करण्यासाठी जशी नोंदणी आणि परवाना लागतो, तसा ॲप बनवणाऱ्याला लागत नाही. त्याला इंजिनिअरच असले पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. तुमच्या नातेवाइकांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच, की बऱ्याच मोठ्या कंपन्या नवख्या मुलांची पहिली चाळणी पदवी पाहूनच लावतात. म्हणून डिप्लोमा निवडताना आज काय शिकायला मिळेल हे पाहावे आणि पुढे पदवीपर्यंत जाण्याची वाट त्यातून निघते का, हेही पाहावे.

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. डिप्लोमा या एकाच नावाखाली निरनिराळे अभ्यासक्रम चालतात आणि माहितीपत्रक पाहून पालकांची गफलत होते.

पहिला आहे तंत्रनिकेतनातला म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. तो दहावीनंतर तीन वर्षांचा असतो आणि त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे एमएसबीटीई, घेते. कॉम्प्युटर आणि इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी या त्यातल्या आपल्या कामाच्या शाखा. संभाजीनगरचे शासकीय तंत्रनिकेतन उस्मानपुऱ्यात आहे. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. कला शाखेच्या मुलीला ती सवलत नाही, पण दहावीच्या गुणांवर पहिल्या वर्षाचे दार तिला उघडे आहे. तीन वर्षे पूर्ण झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही, डिप्लोमाचे गुण धरले जातात.

दुसरा आहे विद्यापीठाच्या बी.व्होक. या व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमातला डिप्लोमा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ही योजना २०१४ साली आणली. तिच्या मूळ आखणीत बारावीनंतर एक वर्ष पूर्ण केले की डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा आणि तीन वर्षांनी पदवी मिळते. अभ्यासाचा ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा असतो. अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो. तुम्ही ऐकलेला व्यावसायिक डिप्लोमा बहुधा याच जातीचा असावा.

तिसरा प्रकार २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आला. त्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा, तिसऱ्या वर्षानंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी मिळते. म्हणजे एका पद्धतीत जो डिप्लोमा एका वर्षात मिळतो, त्यासाठी दुसऱ्या पद्धतीत दोन वर्षे लागतात. प्रवेशाच्या वेळी हे लेखी विचारून घ्या.

याखेरीज ‘नायलिट’ या केंद्र सरकारच्या संस्थेची एक वाट आहे. तिचे संभाजीनगर केंद्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात आहे. नायलिटचा ‘ओ लेव्हल’ हा बारावीनंतर करता येणारा एका वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम असून त्यात संगणकाची साधने, वेबपेज रचना, पायथन आणि इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांची ओळख असे विषय आहेत, शेवटी प्रकल्पही करावा लागतो. त्यापुढचा ‘ए लेव्हल’ ॲडव्हान्स्ड डिप्लोमाच्या तोडीचा मानला जातो. आयटीआयमध्ये ‘कोपा’ नावाचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. त्यात कॉम्प्युटर चालवणे आणि प्रोग्रामिंगची सुरुवात शिकवतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. नेमके काय शिकवतात? विषयांची यादी वाचून पालकाच्या हाती काही लागत नाही. म्हणून एक काम धरू आणि ते पूर्ण करायला मुलीला काय काय यावे लागेल, ते पाहू.

फुलंब्री, सिल्लोड, कन्नड हा मक्याचा पट्टा. समजा, एका व्यापाऱ्याला मका खरेदीची हिशेबपट्टी मोबाइलवर करून हवी आहे. शेतकऱ्याने १८ क्विंटल ४० किलो मका आणला, भाव क्विंटलला २,१५० रुपये ठरला, तर रक्कम होते ३९,५६० रुपये. त्यातून हमाली आणि तोलाई वजा करायची आणि राहिलेली रक्कम शेतकऱ्याला द्यायची. हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल. पण हे ॲप नीट बनवायचे म्हटले तर वर्षभराचा अभ्यासक्रम त्यातच सामावतो.

पहिली पायरी विचारण्याची. उचल आधी दिली असेल तर ती कुठे वळती करायची? वजनात वाद झाला तर जुनी नोंद खोडायची की तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची? पट्टी कोण पाहू शकतो आणि कोण बदलू शकतो? हे सगळे व्यापाऱ्याशी, मुनिमाशी आणि शेतकऱ्याशी बोलून लिहून काढावे लागते. बी.व्होक.मध्ये जो ४० टक्के सामान्य भाग असतो, त्यात भाषा आणि संवाद येतो. मुले त्याला वेळ दवडणे समजतात. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाचे म्हणणे नीट ऐकून स्वच्छ शब्दांत मांडता आले नाही, तर पुढचे सगळे काम चुकीच्या पायावर उभे राहते. कला शाखेच्या मुलीला इथे तिच्या भाषेचा उपयोग होईल.

दुसरी पायरी डेटाबेसची. शेतकऱ्याचे नाव आणि मोबाइल नंबर प्रत्येक पट्टीवर पुन्हा लिहिला, तर नंबर बदलल्यावर शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. म्हणून शेतकऱ्यांचा एक तक्ता, सौद्यांचा दुसरा आणि दिलेल्या रकमांचा तिसरा असे तक्ते करून ते एका क्रमांकाने परस्परांना जोडतात. या तक्त्यांशी बोलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. पट्टी नोंदवली गेली आणि खात्यात रक्कम चढण्याआधीच वीज गेली तर काय होईल? अशा वेळी दोन्ही नोंदी एकदम व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, अशी व्यवस्था डेटाबेसमध्ये करता येते. तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात. पैशाचा व्यवहार असलेल्या कोणत्याही ॲपचा हा कणा आहे.

तिसरी पायरी प्रोग्रामिंगची. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, अँड्रॉइडसाठी कोटलिन, यांपैकी एखादी भाषा धरून हिशेबाचे नियम संगणकाला सांगायचे. इथे नवख्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. पायथनला किंवा जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ असे येते. कारण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ ही संख्या त्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही. म्हणून पैशाचा हिशेब पूर्ण पैशांत ठेवतात, म्हणजे ३९,५६० रुपये हे ३९,५६,००० पैसे म्हणून साठवतात, नाहीतर अचूक दशांशासाठी असलेला खास प्रकार वापरतात. ज्या शिक्षकाने हे कारणासह समजावले, तो खरे शिकवतो आहे असे समजा.

चौथी पायरी आपल्या मराठीची. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक मुख्य विभाग आहे. आपल्याला ‘क्षि’ हे एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ती चार चिन्हे असतात : क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. नाव दहा अक्षरांत बसेल असे धरून जागा ठेवली तर ते मध्येच तुटते. शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा तर इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७० चिन्हे. ओळ लांबली की एका संदेशाचे दोन होतात आणि खर्च वाढतो. गावोगावच्या लोकांसाठी ॲप बनवणाऱ्याला हे ठाऊक हवेच.

पाचवी पायरी तपासण्याची. वजनाच्या जागी शून्य टाकले तर? उणे आकडा टाकला तर? रेंज नसताना पट्टी केली आणि रेंज आल्यावर तीच पट्टी दोनदा चढली तर? लिहिलेला प्रोग्राम आपणच मोडून पाहायचा, चुका शोधायच्या, दुरुस्त करायच्या. प्रत्येक बदलाची नोंद ‘गिट’मध्ये ठेवायची, म्हणजे चुकलेला बदल मागे घेता येतो आणि चार जणांना एकत्र काम करता येते. गिट २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तयार केले आणि ते मोफत आहे.

शेवटची पायरी ॲप लोकांच्या हाती देण्याची. प्ले स्टोअरवर नवे वैयक्तिक खाते उघडणाऱ्याला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस ते वापरून घ्यावे लागते. शेतकऱ्यांची नावे, नंबर आणि रकमा ही लोकांची खासगी माहिती आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने ती जपण्याची जबाबदारी घालून दिली आहे. तेही अभ्यासाचाच भाग समजा.

पोट भरेल का, याचे उत्तर देताना मी तुम्हाला पगाराचा आकडा सांगणार नाही. जाहिरातींतल्या आकड्यांवरही विसंबू नका. मोठ्या आयटी कंपन्यांची दाटी पुण्यात आहे हे खरे. परंतु संभाजीनगर हे कारखान्यांचे शहर आहे. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांचे जाळे विणले गेले. चिकलठाणा आहे, शेंद्रा आहे, बिडकीन आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहते आहे. प्रत्येक कारखान्यात मालाची आवक-जावक, गेटपास, सुट्या भागांची तपासणी, यंत्रांची देखभाल, कामगारांची हजेरी या नोंदी ठेवाव्याच लागतात. लहान उद्योगांत त्या आजही वहीत किंवा एक्सेलमध्ये दिसतात. त्या कामाला बसेल असे सॉफ्टवेअर बनवणे, चालू ठेवणे आणि वापरणाऱ्यांना शिकवणे हा शहरातच मिळू शकणारा रोजगार आहे. दवाखाने, शाळा, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या यांचीही गरज अशीच आहे. पुढे स्वतःचे काही उभे करायचे झाले, तर मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या ‘सीएमआयए’ संघटनेने उभारलेले ‘मॅजिक’ हे नवउद्योगांना मदत करणारे केंद्र शहरात आहे.

पदवीचा प्रश्न मात्र विसरू नका. बऱ्याच स्पर्धा परीक्षांना आणि अनेक सरकारी पदांना पदवी लागते, डिप्लोमा पुरत नाही. बी.व्होक. पूर्ण केले तर ती मान्य पदवी आहे. मध्येच नोकरी लागली तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून पदवी पूर्ण करता येते. एक अभ्यासक्रम वर्गात बसून आणि दुसरा मुक्त पद्धतीने असे दोन्ही एकाच वेळी करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिली आहे.

खर्चाबद्दलही सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम या योजनांत बसतो का, हे फी भरण्याआधी पाहा. खासगी क्लासने स्वतःच्या नावाने दिलेल्या डिप्लोमाला यातले काही मिळत नाही.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजी कच्चे आहे, गणितही बेताचे. प्रोग्रामिंग झेपेल का?
– एक विद्यार्थी, पैठण

उत्तर : झेपेल. प्रोग्रामिंगच्या भाषेतले राखीव इंग्रजी शब्द मोजके असतात. जुन्या प्रमाणित सी भाषेत ३२, आजच्या पायथनमध्ये ३५. ते महिनाभरात तोंडी होतात. खरी गरज असते ती चूक दाखवणारा संदेश वाचून समजून घेण्याची. प्रोग्राम अडला की संगणक कोणत्या ओळीत काय बिघडले ते सांगतो. बहुतेक नवखे घाबरून तो संदेश बंद करतात. तो रोज वाचा, वहीत उतरवा, त्याचा अर्थ मराठीत लिहा. सहा महिन्यांत तुमचे कामापुरते इंग्रजी तयार होईल.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अनेक विषयांचे छोटे पाठ मराठी आवाजात मोफत मिळतात. पाठ ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे, अशी त्यांची रचना आहे. पुण्याच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी मराठीतून सुरू केली. तेव्हा मराठीतून हा विषय कळत नाही, ही समजूत सोडून द्या.

गणिताचे म्हणाल तर ॲप बनवण्याच्या बहुतांश कामाला अंकगणित, टक्केवारी आणि ‘हे असेल तर ते कर’ असा नेटका विचार लागतो. कॉम्प्युटर ग्राफिक्स, मशीन लर्निंग यांकडे वळायचे असेल तर गणित वाढवावे लागेल. ते पुढे, गरज कळल्यावर, जास्त गोडीने शिकता येते.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देते. मग वर्ष-दोन वर्षे हा डिप्लोमा करण्यात काय अर्थ?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ती लिहून देते हे खरे. मक्याच्या हिशेबपट्टीचा प्रोग्राम ती क्षणात लिहील. पण त्या व्यापाऱ्याकडे उचल कशी वळती करतात, हे तिला कुणीतरी सांगावे लागेल. तिने पैसे अपूर्णांकात साठवले तर ते कुणाच्या तरी नजरेत आले पाहिजे. आणि शेतकऱ्याला रक्कम कमी मिळाली, तर जबाब माणसालाच द्यावा लागेल. ज्याला पाया येतो त्याचे काम या साधनाने झपाट्याने होते. ज्याला येत नाही तो दिसायला बरोबर वाटणारी चूक लोकांच्या हाती देतो. म्हणून शिकण्याच्या पहिल्या सहामाहीत प्रोग्राम स्वतःच्या हाताने लिहावा, नंतर हे साधन जरूर वापरावे. नुसते टाइप करून प्रोग्राम उतरवण्याच्या कामाला आता भाव उरणार नाही. गरज समजून घेणे, रचना ठरवणे आणि तपासणे यांना राहील. चांगला अभ्यासक्रम याच तीन गोष्टींवर भर देतो.

या तिन्ही पत्रांना मिळून माझे सांगणे एकच आहे. डिप्लोमाची पारख त्याच्या नावावरून किंवा इमारतीवरून करू नका. त्यात विद्यार्थ्याने बनवलेली वस्तू कुणीतरी खरोखर वापरते का, यावरून करा. प्रवेशाआधी संस्थेत स्वतः जा आणि हे विचारा : प्रमाणपत्रावर कोणाची मोहर असेल, विद्यापीठाची, एमएसबीटीईची, नायलिटची, की फक्त संस्थेची? मिळवलेले क्रेडिट ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात का? आठवड्यातून किती तास प्रयोगशाळेत प्रत्यक्ष संगणकावर बसायला मिळते? कारखान्यात किंवा कंपनीत किती आठवडे काम करावे लागते आणि त्या कंपन्या कोणत्या? मागच्या वर्षीच्या मुलांनी बनवलेली दोन ॲप्स आत्ता चालू करून दाखवता का?

शेवटच्या प्रश्नाला ज्या संस्थेत लगेच मोबाइल पुढे केला जातो, तिथे मुलीचे नाव घाला. जिथे टाळाटाळ होते, तिथून परत फिरा. फुलंब्रीच्या पालकांना एक विनंती : प्रवेशाच्या रांगेत तुम्ही बरोबर राहा, पण हे प्रश्न तुमच्या मुलीला स्वतःच्या तोंडाने विचारू द्या. ज्या कामाची ती उमेद धरून आहे, त्याची पहिली पायरी विचारण्याचीच आहे.